पहारेकऱ्याची जांभई

बारा वर्षं तो पहारेकरी पडद्यावर चोरांना बदडत होता आणि एका दिवसानेही म्हातारा झाला नव्हता. त्याची चित्रं काढणारे मात्र झाले होते. थोरला तर मरून गेला.

त्या अ‍ॅनिमे मालिकेच्या स्टुडिओत एकाच घरातली तीन माणसं राबायची. थोरला हाणामाऱ्या काढायचा, त्याची बायको हसवणारे प्रसंग काढायची, आणि धाकटा मागच्या भिंती, जिने, खिडक्या रंगवायचा. धाकट्याच्या जिभेला हाड नव्हतं, म्हणून अख्खा स्टुडिओ त्याला तिखट म्हणायचा.

थोरला गेला तेव्हा सगळे माना खाली घालून उभे राहिले, आणि माना वर करताच त्यांनी त्याचा कप्पा उघडला. आत ठोसे, लाथा, कोलांट्या थप्प्या लावून ठेवलेल्या. झालं, तेव्हापासून दर भागात तेच. डावा ठोसा उलटा करून उजवा करायचा, चोराच्या सदऱ्याचा रंग बदलायचा, की नवी मारामारी तयार. पहारेकऱ्याच्या गालावरचा व्रण मारता मारता या गालावरून त्या गालावर उडी मारायचा. कुणाला त्याचं काही नव्हतं. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच, आणि तिखटला ते रोज समोर बसून बघावं लागायचं.

वहिनीचं काम असं कप्प्यातून निघत नसे. मालिकेचा विनोद एवढाच, की पहारेकरी ऐन वेळी झोपतो. पण झोपेआधीची जांभई ती दर वेळी नवी काढायची. कधी जबडा एका बाजूला सरकायचा, कधी जांभई अर्ध्यावर अडकून पहारेकरी तिची वाट बघत बसायचा, कधी त्याचं बघून चोरालाही यायची. लोक हसायचे ते त्याला. त्या टेबलावर वहिनीचं सगळं होतं. नवरा गेल्यावर तिने दुसरं काही मागितलंच नव्हतं.

मग मालिका नव्या निर्मात्याकडे गेली. माणूस मऊ बोलायचा. त्याने सगळ्यांना एका खोलीत बसवलं आणि मालिकेत चांगलं काय, वाईट काय, ते मोकळेपणाने सांगा म्हणाला. अशा खोलीत वाईट सांगायचं नसतं, हे स्टुडिओतल्या खुर्च्यांनाही ठाऊक होतं. वहिनीने दारातच तिखटला बजावलं होतं, "भावोजी, आज तेवढं तोंड आवरा."

दिग्दर्शकाने वेगाचं कौतुक केलं. संगीतवाल्याने दिग्दर्शकाचं केलं. रंगवाल्याने दोघांचं केलं. तिखट ऐकत राहिला, आणि शेवटी त्याला राहवलं नाही.

"मारामारी मेलीये, साहेब," तो म्हणाला. "ज्याने काढली तोही मेलाय, आणि तुम्ही त्याच्याकडून अजून काम करून घेताय. त्याला सोडा आता. या मालिकेत जिवंत आहे ती फक्त जांभई. ती रोज नव्याने काढावी लागते, म्हणून जिवंत आहे."

निर्मात्याने शांतपणे विचारलं, म्हणजे मारामारीला आता माणूस लागतच नाही? तिखट म्हणाला, नाही. आणि जांभईला? वहिनी आणि तिच्या हाताखालच्या दोन मुली, आठवडाभर, असं तो छाती काढून म्हणाला. त्याला वाटलं, वहिनीची किंमत आज तरी कळेल.

कळली. पुढच्या भागापासून पहारेकऱ्याची झोप बंद झाली. वहिनीचं टेबल गेलं, मुली गेल्या, आणि मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसत्या ठोशांची झाली.

तिखट निर्मात्याकडे धावला. मी रागात बोललो, काहीच्या बाही बोललो, मारामारी उत्तम आहे, असं सगळं बरळला. निर्मात्याने त्याला बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "तुम्ही खोटं बोलणारे नाही. म्हणून तर ऐकलं तुमचं." आणि असा स्पष्ट माणूस भिंती रंगवण्यात वाया जातोय म्हणून त्याने थोरल्याच्या कप्प्याची किल्ली त्याच्यापुढे ठेवली.

बघणाऱ्यांनी चार दिवस कुरकुर केली. पाचव्या दिवशी विसरले. लोकांना सवय लागायला काय लागतं? नुसतं समोर ठेवत राहावं लागतं.

तिखटने घरी येऊन सांगितलं, की उद्या किल्ली निर्मात्याच्या तोंडावर फेकतो. वहिनी भांडी पुसत होती.

"फेका. मग दोघं मिळून भिंतीकडे बघत बसू," ती म्हणाली. "बोलायचं तेव्हा बोललात. आता घर चालवा."

त्याने किल्ली फेकली नाही. भावाचे ठोसे तो स्वतःच्या हाताने उलटे करू लागला. थोरल्याने रेघ कुठे दाबली, कुठे हात उचलला, सगळं बोटांना कळायचं, आणि तरी तो कागद फिरवायचा.

एका संध्याकाळी जेवताना वहिनीने विचारलं, आज काय काढलंत. काढलं काही नाही, तो म्हणाला, डाव्याचा उजवा केला.

तिने त्याच्या ताटात आणखी थोडं वाढलं.

"डावा ठोसा ह्यांचा कच्चाच होता," ती म्हणाली. "उजवाच घेत जा. तो उलटा केला तरी शोभतो."

दुसऱ्या दिवशी त्याने उजवा घेतला. खरंच शोभला.