शिडाची पिशवी आणि दर्याचा नारळ

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही.

पिशवी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोथिंबीर डोकावणारी बाजाराची पिशवी आली असेल. मी तशी नाही. मी मूळची शीड. मालवणच्या किनाऱ्यावर एका वाडीत गणपत तांडेलांचा मचवा होता, त्याच्या डोलकाठीवर माझे तरुणपण गेले. जाड सुती कापडाचे पट्टे वाळूत पसरून, दाभणाने टाका टाका घालून मला शिवले होते. वाऱ्याने फाटू नये म्हणून कडेने बोटाएवढी जाड दोरी घातली होती. पहिल्यांदा छातीत वारा भरला तेव्हा मला वाटले, आता मी आभाळातच जाणार. पण खाली मचवा होता, मचव्यात माणसे होती, म्हणून मी पुढे गेले. माझे सगळे काम एवढेच होते, माणसे न्यायची आणि माणसे आणायची.

आमच्या वाडीत एक रीत आहे. दर्यावर निघताना नारळ हातात धरून गाऱ्हाणे घालायचे, सगळ्यांना सुखरूप परत आण अशी दर्याला विनवणी करायची. तो नारळ फोडायचा नाही, तो आपल्याबरोबर प्रवासाला न्यायचा. घडी केलेल्या शिडाच्या कुशीत, म्हणजे माझ्या कुशीत, तो झोपायचा. सगळे सुखरूप परत आले की किनाऱ्यावर उभे राहून तोच नारळ अख्खा दर्याला द्यायचा. दर्याला सांगायचे, मोजून घे बाबा, जेवढे गेलो तेवढे आलो.

एका वर्षी पावसाच्या तोंडावर मचवा परत आला, पण तांडेलांचा थोरला मुलगा धोंडू आला नाही. त्या फेरीचा नारळ कोणी दर्याला दिला नाही. सगळे आलो, असे कुठल्या तोंडाने सांगणार? दाराजवळच्या खुंटीला तो नारळ टांगला गेला. सुकला. हलवला तर आत खुळखुळू लागला. धाकटा भिकाजी तेव्हा एवढासा होता की तो खालून पळत जाई आणि नारळ त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर राही. पुढे भिकाजीचे डोके त्या नारळाला आपटू लागले, तरी नारळ तिथेच. न दिलेला नारळ म्हणजे घरी न आलेले माणूस, हे भिकाजी असे टाळूवर शिकला.

मग मचव्याला यंत्र आले आणि मी निकामी झाले. मला भाताच्या राशीवर पांघरले, कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकले. उंदरांनी माझी चव घेतली. ज्या छातीत कोचीपर्यंतचा वारा मावला, तिच्यावर कोंबड्या. तेव्हाही मी रागावले होते, पण ऐकायला कोण होते?

ऐकले ते जानकीने. ती भिकाजीची नवी नवरी म्हणून घरात आली. भिकाजी मालबोटीवर नोकरीला लागला होता, त्याला पिशवी हवी होती. तिने माझा धड उरलेला भाग कापला, धुतला आणि माझ्या कडेच्या त्याच दोरीचा खांद्याचा पट्टा केला. टाके घालताना ती गुणगुणायची:

शिडाच्या तुकड्याक, घालतंय टाको टाको,
घरधनी गेलो पाण्यार, दर्या तेका राखो.

मित्रांनो, त्या टाक्यांवर मी आजवर तगले. भिकाजीच्या खांद्यावरून किती बंदरे पाहिली. बोटीवरचे मोठे साहेबही मला हात लावून म्हणायचे, कापड कुठले हो हे? भिकाजी सांगायचा, "आमच्या घरचा. विकत गावत नाय." प्रत्येक फेरीला माझ्या पोटात नारळ असे आणि प्रत्येक फेरीनंतर तो दर्याला मिळे.

आता माझ्या रागाकडे येते.

भिकाजी आणि जानकी म्हातारी झाली. त्यांचा मुलगा सर्वेश मुंबईला नोकरी करतो. त्याने ठरवले, आईबाबांना मोठ्या जहाजावरून फिरवून आणायचे. तो, त्याची बायको स्वप्ना, मुलगी रिया आणि हे दोघे. गोव्याच्या बंदरातून चढायचे, लक्षद्वीपपर्यंत जायचे आणि परत गोव्यालाच उतरायचे. निघण्याआधी वाडीच्या किनाऱ्यावर भिकाजीने गाऱ्हाणे घातले आणि नारळ माझ्या पोटात ठेवला. स्वप्ना तेव्हा गाडीत सामान मोजत बसली होती. सांगून ठेवते, स्वप्ना मनाने वाईट नाही. ती कट्टा गावची, दर्यापासून आतली. तिकडे भातशेती, काजू, बाजार. दर्या तिच्या माहेरच्या अंगणातून दिसत नाही.

बंदरावर सामान तपासणाऱ्या माणसाने माझ्यात हात घातला आणि विचारले, "ये क्या है?"

"नारियल," भिकाजी म्हणाला. "ये भी हमारे साथ घूमने आया है."

तो माणूस हसला आणि त्याने नारळाला जाऊ दिले.

जहाज म्हणजे काय सांगू? त्यावर पोहायचा तलाव होता. समुद्रावर तलाव! जेवण इतके की टाकून टाकून माणसे दमत. आणि शीड एकही नाही. वारा वेड्यासारखा वरच्या मजल्यावर फिरे, त्याला धरायला कोणी नसे. मी भिकाजीच्या खांद्यावरून ते पाही आणि माझी जुनी शिवण ताणली जाई.

परतीच्या आदल्या दिवशी स्वप्नाने जहाजावरच्या दुकानातून माझ्या जागी नवी पिशवी घेतली. पांढरी, चकचकीत, वर सोनेरी नांगर छापलेला. मित्रांनो, छापलेला नांगर! जो कधी वाळूत रुतला नाही, ज्याने कुणाची होडी धरून ठेवली नाही.

"आई, ही घ्या. उतरताना फोटो काढतील सगळे," स्वप्ना म्हणाली. "ती जुनी आता पुरे झाली."

"जुन्याक काय धाड भरली हा?" जानकी म्हणाली, पण सुनेचे मन राखायला तिने नवी पिशवी मांडीवर घेतली.

शेवटच्या दिवशी सकाळी भिकाजी आणि जानकी रियाला घेऊन आपला किनारा दिसतो का ते पाहायला कठड्याशी गेली. खोलीत स्वप्नाने माझ्यातले सगळे काढून नव्या पिशवीत भरले. औषधे, चष्मा, आवळ्याची सुपारी. तळाशी राहिला नारळ. तो तिने हातात घेतला आणि तिचा चेहरा उजळला. तिच्या माहेरी गाऱ्हाण्याचा नारळ फोडतात आणि खोबरे सगळ्यांना वाटतात, ज्याला मिळाले नाही तो रुसतो. तिने नारळ पुन्हा माझ्यात टाकला आणि मला काखेत मारून भोजनघरात गेली.

तिथे वाढणारा कौस्तुभ वेंगुर्ल्याचा. गाववाले म्हणून त्यांची ओळख झाली होती.

"कौस्तुभ, ह्यो देवाचो नारळ. आत फोडून, तुकडे करून देशात? बाबांका गंमत."

"वयनी, हय कोयतो खंयचो? पण बघतंय, आचाऱ्याक सांगतंय."

मी ओरडले, मित्रांनो. पण शिडाचा आवाज वाऱ्यात असतो आणि त्या खोलीत होते नुसते थंड यंत्र.

सगळे न्याहारीला बसले. रिकामी मी टेबलाखाली, स्वप्नाच्या पायाशी. कौस्तुभने ताटली आणली. पांढरे शुभ्र तुकडे, वर साखर भुरभुरलेली. रियाने लगेच एक तोंडात टाकला.

"घ्या बाबा," स्वप्ना म्हणाली. "तुमच्याच गाऱ्हाण्याचा नारळ. म्हटलं, घरी जायच्या आधी सगळ्यांनी मिळून प्रसाद घेऊ."

भिकाजीने हात पुढे केला नाही. तो ताटलीकडे बघत राहिला, आणि मला दिसला तो खुंटीखालून पळणारा एवढासा पोर.

"फोडलंस?" एवढेच तो म्हणाला.

"बाबा, तुमच्याकडे फोडत नाहीत?"

"तो दर्याचो होतो गो," जानकी हळू आवाजात म्हणाली. "दर्याचो घास आमी खातंव."

सर्वेशने हात झटकले. "एवढा काय तेच्यात? बाबा, वाटेत वेंगुर्ल्याक दुसरो घेऊया. आपल्या मुलखात नारळांचो दुकाळ पडलो काय?"

"रिया हरवली, तर वेंगुर्ल्याच्या बाजारातून दुसरी हाडतलंस?" भिकाजी म्हणाला. "जो आपल्या वांगडा गेलो, तोच घराक येवक व्हयो. तेका दिल्याबिगर मी उंबऱ्याच्या आत पाय ठेवचंय नाय. माझो भाव धोंडू अजून खुंटीर आसा, सर्वेश."

सर्वेशने आपली बशी बाजूला सारली. धोंडूकाकाचे नाव या घरात सहसा कोणी काढत नसे.

तेवढ्यात उतरण्याची घोषणा झाली आणि सगळी उठली. आणि मी? मी टेबलाखालीच राहिले. कोणाला आठवणही झाली नाही. झाडणाऱ्याने मला चिमटीत उचलले, जशी मेलेली पाल उचलतात, आणि काळ्या प्लास्टिकच्या थैलीत फेकले. माझ्यावर चहाचे कागदी पेले, तोडून टाकलेला पाव, अर्धी खाल्लेली आमलेटे. मी, जिने गणपत तांडेलांना वादळातून घरी आणले! ज्या जहाजाला वारा कशाशी खातात हे ठाऊक नाही, त्याच्या उकिरड्यात माझा शेवट होणार होता. त्या क्षणी मला सगळ्यांचा राग आला. स्वप्नाचा आला, सर्वेशचा आला आणि खांदा रिकामा असून न कळलेल्या भिकाजीचाही आला.

मग पावले ऐकू आली. सगळा लोंढा दाराकडे चाललेला आणि एकटी स्वप्ना उलटी धावत आलेली.

"कौस्तुभ, त्या नारळाच्या करट्या खंय हत?"

"वयनी, टाकल्यानी असतीत. करटी घेऊन काय करतलात?"

"माका व्हयी. आणि ताटलीतले तुकडे सुदा."

कौस्तुभने बाही वर केली आणि थैल्या उपसायला लागला. आधी मी वर आले, कारण मी सगळ्यांत मोठी. "ही पिशी तुमचीच मगे?" स्वप्नाने मला झटकले. मग करवंटीची दोन्ही भकले सापडली, तुकडे ताटलीत होते तसेच होते. तिने सगळे माझ्यात भरले. माझ्या मनात आले, आता किंमत कळली हिला. पण खरे कारण ऐका. ती पुटपुटली, "नव्या पिशवीला डाग पडतील." ओल्या करवंट्या ठेवायला मी आठवले! बघा, रागावू नको तर काय करू?

गाडी वाडीकडे निघाली. वेंगुर्ले आले, गेले. सर्वेशने नारळाच्या दुकानापाशी गाडी हळू केली, आरशातून बापाकडे पाहिले आणि पुन्हा वेग घेतला. मी स्वप्नाच्या मांडीवर होते. तिने दोन्ही हात माझ्यावर ठेवले होते.

वाडीत आल्यावर गाडी घरी न नेता किनाऱ्यावर थांबवली. ओहोटी लागली होती. भिकाजी उतरून पाण्याकडे तोंड करून उभा राहिला, हात रिकामे. स्वप्ना त्याच्या पुढे गेली आणि माझे तोंड उघडून धरले.

"बाबा, कट्ट्याक फोडून वाटतत. माका ठावक नव्हता. अख्खो नाय, पण तोच आसा ह्यो. दुसरो नाय."

भिकाजीने आत पाहिले. मग एक एक तुकडा उचलून करवंटीत लावू लागला, साखर झटकत.

"एक तुकडा मी खाल्ला, आजोबा," रिया रडवेल्या आवाजात म्हणाली.

"खाल्लंस ता बरा केलंस," भिकाजी म्हणाला. "तो तुझ्या पोटात बसान घराक इलोच मा?"

जानकी पदरात तोंड घालून हसली. पण भकले जुळून राहतात कुठे? सर्वेशने गाडीतून चिकटपट्टी आणली.

"दर्यात प्लास्टिक टाकतंस?" जानकीने त्याच्या हातावर चापट मारली. मग तिने बांगडीत अडकवलेली पिन काढली, वाळूत बसली आणि माझ्या पट्ट्याचे टाके उसवू लागली. जे टाके तिने नवी नवरी असताना गाणे म्हणत घातले होते, तेच.

मित्रांनो, मला दुखले. खोटे कशाला सांगू? पण ती दोरी मूळची शिडाच्या कडेची. धोंडूने हाताने ओढलेली. ती नारळाभोवती गच्च बसली, जणू तिला जागा आधीच ठाऊक होती.

भिकाजीने नारळ ओंजळीत धरला.

"बा दर्याच्या राजा म्हाराजा, तुझी लेकरा तुझ्या दारात उभी हत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"जेवढे गेलंव तेवढे इलंव, मोजून घे म्हाराजा. कट्ट्याच्या लेकीन अजाणतेपणी काय चुकला माकला आसात, तर ता पदरात घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," या वेळी स्वप्नाचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

ओहोटीने नारळ नेला. भिकाजी मागे वळला, सुनेला म्हणाला, "चल गो, घराक जावया," आणि तिच्या पुढे न चालता तिच्या बरोबरीने चालू लागला.

आता मी घरात आहे, दाराजवळच्या खुंटीला. होय, त्याच खुंटीला, धोंडूच्या नारळाशेजारी. माझा राग गेला असे समजू नका. स्वप्नाने जाण्याआधी नव्या पिशवीचा पांढरा चकचकीत पट्टा कापून माझ्या अंगाला शिवला. वेडेवाकडे टाके, एक बाजू वर, एक खाली. जानकीने शेजारी बसून दाभण कसे धरायचे ते दाखवले, तरी वेडेच. शिडाच्या अंगावर असला झगझगीत पट्टा! कोंबड्यासुद्धा हसतील.

पण स्वप्ना टाके घालताना काहीतरी गुणगुणत होती, म्हणून मी गप्प बसले.

तुमच्या घरातही असेल अशी एखादी मळकी, विटलेली वस्तू. ती जपा म्हणून मी हात जोडत नाही, हात मला नाहीतच. एवढेच सांगते, टाकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की ही कुणाबरोबर निघाली होती. आणि ती दुसऱ्या गावच्या माणसाने चुकून टाकलीच, तर त्याच्यावर ओरडू नका. त्याला किनाऱ्यावर न्या.

रागवायचे काम माझे आहे. ते मी करते आहेच.