कळसाडीच्या बाया पयनार शेतस

खानदेशात ‘ळ’ जिभेवर फार टिकत नाही. ओल्या हातातल्या साबणासारखा निसटतो आणि ‘य’ होऊन बाहेर पडतो. केळीची केयी होते, डाळीची दाय होते, आणि पळणं होतं पयनं. एरवी कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण त्या शनिवारी दुपारी रिक्षावाल्या रेवजीनं टपावर भोंगा बांधला आणि कळसाडीच्या गल्लीगल्लीतून ओरडत सुटला, “आयका हो आयका! सकायले आपला गावन्या बाया पयनार शेतस! मारुतीना पारपाईन पाटना पूललगून! समद्यासनी देखाले या!”

उद्या गावच्या बाया पळणार आहेत, एवढंच त्याला सांगायचं होतं. गाव आधी हसलं. मग हसता हसता गप्प झालं.

कारण पयनं म्हणजे धावणंही, आणि घर सोडून कुणाचा तरी हात धरून निघून जाणंही. बचत गटाची ही दौड जिनं ठरवली होती, त्या सिंधुबाईची लेक आशा मागल्या वर्षी मनाजोग्या मुलाशी लग्न करून खापर गावी गेली होती. तिथं सुखानं नांदत होती, शिवणयंत्रावर बसून गाणी गुणगुणत होती. पण कळसाडीत तिचं नाव निघालं की मागून शेपटासारखे दोनच शब्द येत: पयी गई.

चहाच्या वेळेपर्यंत बायका एकेक करून सिंधुबाईच्या ओट्यावर येऊन गेल्या. कुणाच्या पायात काटा भरला होता, कुणाकडे पाहुणे निघाले होते, कुणाचा कापूस नेमका उद्याच वेचायचा होता. शेवटी आली भिकुबाई. तिची सून सीमा म्हणजे गटातली सगळ्यात चपळ बाई, उसाच्या बांधावरून वाऱ्यासारखी जाणारी. भिकुबाईनं काटाबिटा काही सांगितला नाही.

“सिंधू, तुन्ही पोर पयनी. आते आमन्या सुनासले बी पयाडस का?”

एवढं बोलून ती गेली. ओट्यासमोर रेवजी रिक्षा लावून चहाची वाट बघत होता.

नवरा चुनीलाल आतून ऐकत होता. बाहेर येऊन समजुतीनं म्हणाला, “आशानी माय, शब्द बदली टाक. ‘दौड’ सांग. कागदवर तेच लिखेल शे. रेवजीले फिराव परत.”

रेवजीला ते झोंबलं. “मी काय खोटं बोलनू? आपला आठे बैल पयस, पोर पयस, शेयी पयस. बाईच तेवढी दौडस का?”

सिंधुबाईला हसू आलं, आणि हसण्याखालून डोळ्यांत पाणी. शब्द बदलला तर बाया येतील, निम्म्या तरी येतील. पण आशाच्या नावामागचे ते दोन शब्द तसेच राहतील. उलट, आईलाच त्यांची लाज वाटली म्हणून आणखी घट्ट चिकटतील. तिनं चपला पायात सरकवल्या.

“रेवजी, सरक. मन्हाकडे दे तो माईक.”

भोंगा एकदा किंचाळला, मग तिचा आवाज गल्लीत शिरला.

“मी सिंधुबाई बोलस. आशानी माय. रेवजी खरं सांगी ऱ्हायना. सकायले आम्ही बाया पयनार शेतस. चोरीछुपे नही, सडकवर, समदा गावना देखत. जठून पयसूत, तठेच परत येसूत. अन् जेले भ्याव वाटस, तेनी मांगे मांगे पयानं!”

शेवटचं वाक्य रागात फेकलेलं होतं. ते कुठं जाऊन पडेल, याचा तिला अंदाज नव्हता.

रविवारी उजाडलं तेव्हा केळीच्या बागांवर धुकं अंग पसरून झोपलेलं. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याला निघालेले उसाचे ट्रॅक्टर ड्रायव्हरांना हात जोडून तिनं वेशीवर थांबवले होते. गळ्यात शिट्टी अडकवून ती पाराशी उभी राहिली. रस्ता रिकामा. मग धुक्यातून सीमा आली, आणि तिच्यामागं, नऊवारीचा कासोटा करकचून, भिकुबाई.

“तूच सांगं ना मांगे पयानं? मी मांगे शे. देखस कोठे जास ती.”

तिच्यामागून आणखी सुना आल्या, त्यांच्या सासवा आल्या. घरोघर एकच विचार झाला होता: सून एकटी कशी सोडायची? पाराशी पुढं सुना आणि मागं सासवा, जणू वऱ्हाड निघालं.

शिट्टी वाजली. बांगड्या वाजल्या, जोडवी वाजली, धूळ पायांना लागून उठली. सरळ सडक होती, पारावरून पाटाचा पूल दिसायचा. सीमा गेली ती गेलीच. पुलाला हात लावून वळलीसुद्धा.

सगळ्यांच्या मागं, अर्ध्या वाटेत धापा टाकणाऱ्या भिकुबाईनं सून परत येताना पाहिली. सुनेवर नजर ठेवायचं तिचं काम झालं होतं. ती जागच्या जागी वळली. आणि वळताच तिच्या ध्यानात आलं, आपण सगळ्यांच्या पुढं आहोत. मग मात्र म्हातारीनं जे पाय उचलले! गाव टाळ्या पिटत ओरडू लागलं. पाराशी लाल दोरीचं एक टोक सिंधुबाईनं धरलेलं, दुसरं चुनीलालनं. भिकुबाई दोरीवर येऊन आदळली. “मी पहिली!”

“दे वं सिंधू तिले नंबर!” लोक हसत होते. “म्हतारी शे!”

द्यायला काय होतं? सगळे खूश झाले असते. पण मग ही दौड म्हणजे नुसती गंमत ठरली असती, आणि आशाच्या नावामागं गाव उद्याही ‘पयी गई’च म्हणालं असतं.

“भिकुमाय, पूलले हात लाई उनी का?”

“नही. सूनच परत फिरनी, मंग मी काय करू तठे?”

“मंग तू सुननी राखन करी, माय. पयनी नही. पहिली सीमा.” सिंधुबाईचा आवाज मऊ होता, पण दोरी ढिली पडली नाही. “तुले पयानं व्हई तं जाय, पूलले हात लाई ये.”

“एकली?”

“एकली.”

हसणं थांबलं. भिकुबाईनं सडकेकडे पाहिलं. गुडघ्यांवर हात टेकून उभ्या असलेल्या सीमाकडे पाहिलं. म्हातारीनं कासोटा पुन्हा आवळला.

“दोरी धरी ठेव,” ती म्हणाली, आणि निघाली.

आधी ती सिंधुबाईच्या नावानं बडबडत पळत होती. थोड्या अंतरावर बडबड बंद झाली, श्वास पायांच्या तालाला लागला. मागं कुणी नव्हतं, पुढं कुणी नव्हतं. बाकीच्या सासवा-सुना परतल्या, दोरीपाशी गोळा झाल्या आणि तिकडेच बघत राहिल्या.

वेशीवरून उदेसिंग ड्रायव्हरनं हॉर्न दिला. “बाई, झायं का? सोडू का गाडी?”

सिंधुबाईनं दोरी दोन्ही हातांनी ताणली.

“थांब भाऊ. आजून एक बाई पयी ऱ्हायनी.”