बोरूच्या पेंढ्या

आमच्या सरोवराला खोली अशी नाहीच. उन्हाळ्यात अर्ध्यापर्यंत चालत गेलं तरी हनुवटी कोरडी राहते. आजूबाजूची तळी खारट; गोडं पाणी एवढंच, तेही वसंतात बर्फ वितळून नदी भरून येते म्हणून. मासा इथेच, आणि माशावर जगणारे आम्हीही इथेच.

त्या वर्षी पाणी लवकर गोठलं आणि बर्फावर कमरेएवढं हिम साचलं. जानेवारीत मी पाणी आणायला गेले, पहारीने भोक पाडलं, तर आत कार्प माशांची ही दाटी! सगळ्यांची तोंडं वर, आ वासलेली. पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास. दुपारपर्यंत अख्खं गाव पोती घेऊन हजर. माझे व्याही तोलेगेन तर घोडा जुंपून घसरगाडीच घेऊन आले. "विहीणबाई, यंदा मासे स्वतःहून पाहुणचाराला निघालेत," म्हणाले. मला हसू आलं नाही. मासे कुठले पाहुणचाराला येतात. त्यांचा जीव गुदमरत होता.

माझा मुलगा सांझार माशांवरच घर चालवतो. त्याने संध्याकाळी सांगून टाकलं, वसंतात मेलेले मासे काठाला लागले तर तो बायकोला, मोल्दिरला, आणि माझ्या नातीला घेऊन शहरात जाणार, मिळेल त्या कामाला. त्याचं चुकत नव्हतं. पण एवढ्या घरात मी एकटीने काय करायचं, भिंतींशी भांडायचं?

उपाय गावात सगळ्यांना माहीत होता. ठिकठिकाणी भोकं पाडून त्यांत बोरूच्या पेंढ्या उभ्या करायच्या. भोवतालचं पाणी पुन्हा गोठलं तरी पोकळ काड्यांतून खाली हवा जात राहते. पण बोरू होता कुठे? काठावरचा सगळा वणव्यात जळाला होता. उरली होती एकच गंजी, तोलेगेनच्या गोठ्याला वाऱ्याच्या बाजूने रचलेली.

शेवटी मुलाची आई असूनही नाक मुठीत धरून मीच व्याह्यांच्या दारी गेले. त्यांच्या बायकोने चहा ओतला. तोलेगेननी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, गंजी काढली तर वारा थेट आत शिरेल, तीन गायी गाभण आहेत. मग पेल्याकडे बघत हळूच बोलले.

"खरं सांगू? लेक शहरात गेली तर मला वाईट वाटणार नाही. तिथे नळाला गरम पाणी येतं."

बापाचंच काळीज ते.

"तिला विचारलंत का?" मी म्हणाले. "सकाळपासून फावडं घेऊन बर्फावरचं हिम बाजूला करते आहे, खाली पाणगवताला उजेड मिळून हवा सुटावी म्हणून. एवढ्या मोठ्या सरोवरावर, एकटी."

त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "आणि माझ्या गायी?"

"आणा माझ्या घरात. बाहेरची खोली मोकळीच आहे. सगळे गेल्यावर मला तरी कुणाची सोबत?"

त्यांची बायको आधी हसली, मग ते.

सकाळी गायी माझ्याकडे आल्या आणि गंजी सरोवरावर गेली. कालपर्यंत पोती भरणारे लोकच आता पेंढ्या बांधत होते. काहींनी कुरकुर केली, फुकटचा मासा सुटला म्हणून. पण आले. हिमही साऱ्यांनी मिळून हटवलं.

फेब्रुवारी सरता सरता सांझारने एक नवं भोक पाडलं आणि गुडघ्यांवर बसून बघत राहिला. मीही वाकले. पाण्याला वास नव्हता, आणि वर एकही मासा नव्हता. एरवी असं रिकामं पाणी बघून आम्ही नशिबाला बोल लावला असता.

"खाली गेले, आई," तो म्हणाला. "सगळे आपापल्या जागी गेले."

"आणि तुम्ही?"

त्याने मोल्दिरकडे पाहिलं. ती फावड्यावर रेलून धापा टाकत होती.

"जाळी फाटलीत," ती त्याला म्हणाली. "बर्फ फुटायच्या आत शिवायला घे."

मी तिथेच बर्फावर बसले आणि पोटभर रडले.