आप्पांनी शिकवलेली कळ

नर्सिंग कॉलेजने पेशंटचं काम करायला आप्पांना बोलावलं, ते गावच्या नमनाच्या खेळातला त्यांचा रावण पाहून. एकेक आजार समजावून, बसवून घेतला. विद्यार्थिनींनी खऱ्या पेशंटला हात लावण्याआधी आमच्या वडिलांवर सराव करायचा. हार्ट अटॅकच्या पहिल्या तासाला आप्पा नुसते वाकून, कण्हत बसले. दीपाली मॅडम म्हणाल्या, "आप्पा, मागच्या बाकांवर काही दिसत नाही हो. जरा मोठं करा."

आप्पांनी मोठं केलं. मूठ छातीवर, डावा हात लुळा, आणि खुर्चीतून थेट जमिनीवर. मुली टाळ्या वाजवायच्या. आप्पा घरी येऊन सांगायचे, "तुझा बाप आज परत मेला गो. झकास मेला."

खरोखर दुखलं तेव्हा मी त्यांना रिक्षातून दवाखान्यात नेलं. ते जबडा चोळत होते. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. ड्यूटीवर शमिका होती, आप्पांच्याच हाताखालून गेलेली.

"काय आप्पा, आज कसलं सोंग?"

"पित्त झालंय गो जरा."

"छातीचं तर नसेल ना?" मी विचारलं.

शमिका हसली. "छातीचं असतं तर आप्पा असे बसले असते का, ताई? त्यांनीच तर शिकवलंय आम्हाला."

तिने पित्ताची गोळी दिली आणि डॉक्टर येईपर्यंत बाकावर थांबायला सांगितलं. आप्पा त्या बाकावरच गेले. शेजारी बसलेल्या मलाही लगेच कळलं नाही.

कॉलेजच्या शोकसभेत दीपाली मॅडमनी आप्पांच्या वर्गातल्या अटॅकचा व्हिडिओ लावला. "आता नव्या बॅचला हाच दाखवणार. असा पेशंट पुन्हा मिळायचा नाही."

"तो नका दाखवू," मी म्हटलं. "अटॅक असा जबडा चोळत बसलेल्यालाही येतो, हे त्यांना कळू दे. मी बसते पेशंट म्हणून."

पुढच्या सोमवारी मी वर्गात बसले. जबड्यावर हात, किंचित पुढे वाकून. पित्त झालंय, म्हटलं. एकीने बीपी पाहिलं, दुसरीने पाणी दिलं. बाकीच्या वाट पाहत राहिल्या. मागून कोणीतरी विचारलं, "सुरू झालं का?"

मॅडम माझ्या कानाशी वाकल्या. "ताई, मुलींना काही कळत नाहीये. आप्पांसारखं थोडं तरी..."

मी जबड्यावरचा हात काढला नाही. ईसीजी काढायचं कोणाच्याच मनात आलं नाही. शेवटी मॅडमनी पडद्यावर आप्पांना सुरू केलं, तशा मुली सावरून बसल्या.