पोत ओवायची सुई

शनिवारी दुपारी दीक्षाचा खेकडा बरोब्बर रुळांच्या मधोमध बंद पडला.

खेकडा म्हणजे चार जाड चाकांची, हँडलाची गाडी. कागदावर तिचं नाव एटीव्ही. दुबईला कामाला असलेल्या भावानं २००६ साली जुनी बघून पाठवली. अंगठ्यानं रेस, हातानं ब्रेक, गिअर नाहीच. पायाचं काम शून्य. दीक्षाचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले. खेकडा आला आन् ती एकटी लाईन ओलांडून खुटबावला दवाखान्यात नोंदी लिहायला जायला लागली. नाहीतर कोण सोडणार, कोण आणणार?

शनिवारी गेटमन म्हाळूआप्पानं पळत येऊन गाडी ढकलली म्हणून निभावलं. पण तिच्या आईनं, अंजनाकाकूंनी, घरी आल्या आल्या सांगून टाकलं. अजून एकदा बंद पडली तर गाडी विकायची आन् नोकरीबी सोडायची.

रविवारी सकाळी मायलेकी मच्छिंद्रच्या गॅरेजवर हजर.

"बसा की काकू."

"बसाया न्हाई आले. ही गाडी भरवशाची हाय का न्हाई, तेवढं सांजच्याला सांग. उद्या सोमवार हाय."

मच्छिंद्रनं दोरी ओढली. पहिल्या झटक्यात चालू. पिंपळापर्यंत दोन चकरा मारून आला, गाडी अशी पळाली की बास.

"काय बी झालं न्हाई हिला."

"दादा, पळताना न्हाई बंद पडत ती," दीक्षा म्हणाली. "गेट पडलेलं असतं, मी दहा मिनिटं थांबते. बटण-स्टार्टर मेलाय, तुम्हीच म्हणालात पार्ट मिळत न्हाई. दोरी मागं, माझा हात पोचत न्हाई. मग चालूच ठेवते. गेट उघडलं, रेस दिली, की घुर्र करून गप."

हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं विचारलंही नव्हतं म्हणा.

त्यानं गाडी स्लोवर ठेवली आन् घड्याळ बघत उभा राहिला. सातव्या मिनिटाला आवाज जड झाला, घशात कफ अडकावा तसा. दहाव्याला रेस दिली. घुर्र. काळा धूर. गप.

प्लग काढला. चांगला प्लग बिस्किटाच्या रंगाचा असतो. हा तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट.

"पेट्रोल जास्त जातंय," तो म्हणाला.

एअर फिल्टर धुतला. काही फरक नाही. हवेचा स्क्रू अर्धा आटा ढिला केला, मग एक, मग दोन. स्क्रू हातात यायची वेळ आली तरी धूर तसाच. मग राहिलं एकच. स्लो जेट. पितळेचा इवलासा तुकडा, त्यात केसाएवढं भोक. गाडी नुसती उभी असते तवा तिला लागणारं पेट्रोल त्या भोकातून जातं.

त्यानं जेट काढून उन्हाकडं धरला. भोक जरा मोठं वाटलं.

तीन आठवड्यांपूर्वी हाच जेट चोंदला होता. त्यानंच साफ केलेला. स्टोव्हच्या पिननं.

ती पिन म्हणजे मच्छिंद्रचं नाव होतं हो. टोपीला खोचलेली असायची कायम. वडगाव रासाईला नदीकाठच्या इंजिनांवर तो आपला आपण शिकला, तवापासूनची त्याची सवय. मच्छिंद्रनं पिन मारली की गाडी पळते, असं लोक म्हणायचे. त्या दिवशी पिन सहज जात नव्हती. त्यानं जरा दाबली. काहीतरी खरवडल्यासारखं लागलं हाताला. तवा लक्ष दिलं नाही. आत्ता मात्र ते बोटांत जसंच्या तसं आलं.

पण खात्री कुठं होती? खात्री नसावी असंच त्याला वाटत होतं. खणात मोपेडचा कोरा जेट होता. आटे वेगळे, खेकड्याला बसणार नव्हता, पण भोकाचा आकडा तोच, अडतीस. दोन्ही भोकं मापायला बारीक काय घालायचं?

अंजनाकाकू सोनाराकडची मंगळसूत्रं ओवून द्यायच्या.

"काकू, पोत ओवायची सुई हाय का?"

त्यांनी पिशवीतून डबी काढली. "दोनच हायती. जपून."

कोऱ्या जेटात सुई घट्ट बसली. खेकड्याच्या जेटात घातली तर हिंदकळायला लागली.

काकू वाकून बघत होत्या. "झिजला आसंल. भायेरच्या देशाचा माल."

वाक्य आयतं हातात आलं होतं. नुसती मान हलवायची होती. कुणाला कळणार होतं?

"न्हाई काकू," मच्छिंद्र म्हणाला. "झिजला न्हाई. म्या पिन मारली, तवा भोक मोठं झालं."

काकूंनी त्याच्या टोपीकडं बघितलं. "मंजी माझी पोरगी रुळावर अडकली ती तुझ्यापायी."

"व्हय."

"आन् पैसं घेतलंस वर."

"आई, आधी दुरुस्त होतंय का बघू," दीक्षा म्हणाली. "भांडायला सांज हाय की."

त्यानं सुईला तेल लावलं, जेटात घातली आन् भोवतीनं शिशाचा डाग दिला. म्हणजे डाग निवल्यावर सुई ओढायची, तिच्याएवढंच भोक उरेल. सुई ओढली आन् ती कट्कन तुटली. आत अर्धी.

काकूंनी दुसरी सुई पुढं केली, पण सोडली नाही लगेच. "ही शेवटची."

डाग वितळवून तुटका तुकडा काढला. या बारीला सुईला तेल नाही, शिसं चिकटू नये म्हणून काजळी धरली. डाग दिला, निवू दिला, श्वास धरून सुई गोल फिरवत फिरवत काढली. आली. भोकातून ऊन दिसलं, टाचणीच्या टोकाएवढं.

चार वाजता सगळे गेटावर.

"मी चालवतो आधी," मच्छिंद्र म्हणाला.

"तुम्ही कशाला? बंद पडली तर तुम्ही उडी मारून जाल." दीक्षानं हँडल सोडलं नाही. "चालायची ती माझ्याखाली चालली पायजे."

गेट पडलं. सोलापूरकडची गाडी गेली. म्हाळूआप्पानं गेट उघडलं नाही, पुण्याकडचीही येणार होती. पाच मिनिटं. सात. मच्छिंद्र मागच्या कॅरिअरला धरून उभा होता आन् कान नुसता इंजिनाकडं. नववं मिनिट. आवाज जड झाला का? का त्यालाच तसं वाटलं? दुसरी गाडी धडधडत गेली. बारा मिनिटं झाली होती.

गेट वर गेलं. दीक्षानं अंगठा दाबला.

पहिल्या रुळावर खेकडा एकदाच अडखळला. मच्छिंद्रच्या हातांनी कॅरिअर ढकलायला जोर घेतला. पण जोर लावावाच लागला नाही. कॅरिअर हातातून निसटलं, गाडी दुसरा रूळ ओलांडून पार गेली आन् तो रुळांच्या मधे मोकळ्या हातांनी उभा.

"हट तिथनं," म्हाळूआप्पा ओरडला. "का तुलाबी ढकलू?"

पलीकडं जाऊन मच्छिंद्रनं प्लग काढला. कडेनं बिस्किटी, मधे अजून जरा काळा. दीक्षाला दाखवला, लपवला नाही.

"पुढल्या रविवारी परत बघू. पण बंद न्हाई पडायची."

अंजनाकाकूंनी हो म्हटलं नाही. "उद्या नऊला मी हितं उभी राहणार हाय," एवढंच म्हणाल्या. "तू बी ये."

"येतो."

मग तुटक्या सुईबद्दल दोन शब्द सुनावून त्या निघाल्या. खेकडा पुढं, त्या मागं.

म्हाळूआप्पा केबिनीतून आपली मोपेड काढत होता. "मच्छिंद्र, आलाच हायस तर हिला बी जरा पिन मार की. लई धूर सोडती."

"पिन न्हाई मारत आता आप्पा. धुऊन, फुंकून साफ करीन."

"का रं?"

"भोक मोठं होतंय त्यानं. पेट्रोल जास्त जातंय."

आप्पानं मोपेडकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "दिवाळीला तूच मारलीवतीस की हिला."

मच्छिंद्रनं टोपी काढली. पिन उपसली, बोटांत धरली. चार वर्षं तो हीच पिन मारत आला होता. आप्पाची मोपेड, दूधवाल्याची, कासुर्डीच्या मास्तरांची स्कूटर, नर्सबाईंची... तो आठवत गेला आन् आठवणं काही थांबेना.