गाडी नरम करताना

काळुरामाने पटाशीवर हातोडीचा आणखी एक घाव घातला आणि पटाशीचंच टोक मोडलं. चाकामागची रिंग जागची हलली नाही. तो गाडीखालून सरपटत बाहेर आला, अंगणात पाय पसरून बसला आणि मोडक्या पटाशीकडे बघत राहिला. याच पटाशीने त्याने आजवर किती देवांचे पाट तासले असतील. लोखंडापुढे तिने हात टेकले.

"बाबा, सोड ती रिंग," खिडकीतून आदर्श म्हणाला. "खारी हवा लागून गंजलीय. फिरली असती तर गाडी वर उचलता आली असती. आता नाय व्हायचं."

"मग काय करू?"

"नरम करू. बॉनेट उघड."

खिडकीला लागून खाट होती आणि खाटेवर आदर्श उताणा पडलेला होता. रोह्याला कंपनीत शिडीवरून पडला, तेव्हापासून कमरेखालचं अंग त्याचं राहिलं नव्हतं. उजवा पाय तर लाकूडच. डाव्यात मात्र कळ यायची, आणि अशी यायची की पोरगा गुरासारखा ओरडायचा.

गाडी त्यानेच खाली बसवली होती, याच अंगणात, धडधाकट होता तेव्हा. जुन्या स्प्रिंगा काढून मुंबईहून आणलेलं सस्पेन्शन घातलं, आणि गाडी अशी जमिनीला टेकली की हमरापुरातली सगळी आळी बघायला जमली. "एवढी खाली करायची होती तर चाकं तरी कशाला ठेवलीस?" असं काळुरामाने विचारलं होतं. आदर्श नुसता हसला होता. तेव्हा त्याला कोणी काही बोललेलं लागतच नसे.

आता दर आठवड्याला रोह्याला जायचं, व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरबाईंकडे. पेणपासून रोह्यापर्यंत गतिरोधकांची काही कमतरता नाही. जो तो गाव आपला एक टाकून मोकळा झालाय. त्यावर ही बसकी, कडक गाडी आदळली की हादरा थेट आदर्शच्या पाठीत जायचा, तिथून डाव्या पायात उतरायचा, आणि मागून किंकाळी यायची. गाडी चालवणाऱ्या काळुरामाला वाटायचं, आपणच पोराला मारतोय. गणपती घडवण्यात आणि टेम्पोतून पोचवण्यात जन्म गेला त्याचा. कधी कुठल्या देवाचं बोट दुखावलं नव्हतं, आणि पोटच्या पोराला मात्र धड नेता येत नव्हतं.

टेम्पोतून जाऊ म्हटलं तर आदर्श ऐकेना. "दुसऱ्या कशातून मी जाणार नाय. सामान हाय का मी? माझ्या गाडीतनं न्यायचं तर न्या."

बाईंना विचारलं, तर त्यांचं निराळंच.

"ओरडतोय तोवर घाबरू नका," त्या म्हणाल्या होत्या. "दुखतंय म्हणजे त्या पायातली नस जिवंत आहे. एकाएकी दुखायचं थांबलं, तर मात्र लगेच मला सांगा."

सांगायला बाईंचं काय जातं, असं काळुरामाच्या मनात आलं होतं. किंकाळी ऐकत गाडी त्यांना थोडीच चालवायची होती? वडखळच्या गॅरेजवाल्याने तर बॉनेट उघडून लगेच लावलं. "हे आपलं काम नाय काका. ज्यानं बसवलंय त्यालाच दाखवा." ज्याने बसवलं तो मागच्या सीटवर पडूनच हे ऐकत होता.

म्हणून आज बापलेकांनी घरीच हात घातला होता. लेकाकडे अक्कल, बापाकडे हात. मधे खिडकीचे गज.

काळुरामाने बॉनेट उघडलं.

"दोन्ही कडेला गोल टोपणं दिसतात? त्यांच्या डोक्यावर छोटा नॉब हाय."

"हाय."

"तो डावीकडे फिरव. टिक टिक वाजंल. वाजायचा थांबंपर्यंत फिरव. डावीकडे म्हणजे नरम, उजवीकडे म्हणजे कडक. उलटं करू नको."

"डावं-उजवं मला शिकवतोस व्हय?"

बोलला खरा, पण गणपती घडवणाऱ्या हमरापुरात डावं-उजवं माणसाचं नसतं, देवाचं असतं. पाटावर मूर्ती ठेवली की तिचा उजवा हात तो उजवा, मग तो घडवणाऱ्याच्या डाव्या बाजूला का येईना. सोंड कुठे वळवायची, मोदक कुठल्या हातात द्यायचा, सगळं समोरच्याच्या अंगाने ठरतं. काळुराम दहा-बारा वर्षांचा असल्यापासून असाच काम करत आला होता. कुठलीही वस्तू समोर घेऊन बसला की ती त्याच्याकडे तोंड करून बसलीय, हे त्याच्या हातांनी धरूनच चाललेलं. त्याने नॉबला हात घातला, नॉबच्या डाव्या अंगाला तो फिरवला, आणि टिक टिक वाजली.

खिडकीतून आदर्शला बापाची फक्त पाठ दिसत होती.

पुढचे दोन झाले, डिकी उघडून मागचेही दोन तसेच झाले. घाम पुसत काळुरामाने बॉनेट लावलं.

"आता दाबून बघ," आदर्श म्हणाला. "जाते का खाली?"

काळुरामाने दोन्ही पंजे टेकून सगळा भार घातला. गाडी जरा हलल्यासारखी वाटली. हलली असणारच, त्याने स्वतःला सांगितलं. एवढं करून हलणार नाही तर काय?

"कशी हाय?"

"लोण्यावानी."

आदर्श हसला. पडल्यापासून तो असा हसला नव्हता. आतून रंगाचे हात पुसत त्याची आई, सरू, दारात येऊन उभी राहिली आणि त्याला हसताना बघून तीही हसली.

"कालपासनं जरा बरं वाटतंय त्याला," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. "रात्री एकदा पण ओरडला नाय."

"नारळ वाहीन मी देवाला," काळुराम म्हणाला आणि त्याने आदर्शला उचलायला बाह्या सारल्या.

गाडीत घालताना आदर्शची डावी टाच दाराच्या कडेला खाडकन आपटली. काळुरामाने चटकन पाय सावरून धरला. पण आदर्श मागच्या सीटवर हात टेकून नीट बसण्याच्या खटपटीत होता, त्याचं तिकडे लक्षही नव्हतं. सोसायला शिकला पोरगा, काळुरामाला वाटलं. सरू त्याच्या शेजारी बसली आणि तिने त्याचा डावा पाय नेहमीसारखा मांडीवर घेतला.

पेण मागे पडलं. रस्ता बरा होता तोवर गाडीही बरी चालली. वडखळचा नाका ओलांडल्यावर पहिला मोठा गतिरोधक आला. काळुरामाने वेग अगदी कमी केला, श्वास धरला आणि चाकं वर चढवली.

हादरा त्याच्या मणक्यातून डोक्यापर्यंत गेला. दातावर दात आपटले. मागची चाकं आली तशी सरू "आई गं" करून ओरडली आणि तिने छताला आपटलेलं डोकं धरलं. गाडी नरम झाली नव्हती. होती त्याहून कडक झाली होती, दगड झाली होती.

त्याचे हात स्टिअरिंगवरच नॉब फिरवल्यासारखे वळले आणि चूक त्याच्या ध्यानात आली. पोराने फिरवणाऱ्याचं डावं सांगितलं होतं. आपण मूर्तीसारखं नॉबचं डावं धरलं. त्याने खांदे आवळून घेतले आणि मागच्या किंकाळीची वाट बघितली.

"बाबा," मागून आदर्श म्हणाला, "भारी काम केलंस! मला तर काय कळलंच नाय."

काळुरामाने आरशात पाहिलं. पोराचा चेहरा खुलला होता. बापाचं मन राखायला तो खोटं बोलत असेल म्हणावं, तर कपाळावर एक आठी नव्हती.

"खरंच नाय कळलं?"

"आईशपथ. एवढीशी पण कळ नाय. उगाच घाबरत होतो आपण. तू गॅरेज टाक बाबा, गणपती राहू दे."

सरूचा डोक्यावरचा हात खाली आला. आरशात तिची आणि काळुरामाची नजर भेटली आणि दोघांनीही ती लगेच काढून घेतली. तिने मांडीवरच्या पायाला बारीक चिमटा घेतला. आदर्श खिडकीतून बाहेरची मिठागरं बघत होता, आणि बघतच राहिला. तिने पुन्हा, जोरात घेतला.

दुखायचं थांबलं तर लगेच सांगा, असं बाई म्हणाल्या होत्या ते काळुरामाला आठवलं. इतके आठवडे त्याने देवापाशी एकच मागितलं होतं, माझ्या पोराचं ओरडणं थांबव. आता तेच मागणं परत घ्यावं तर कुठल्या तोंडाने, ते त्याला कळेना. ओरड रे, तो मनातल्या मनात म्हणाला. एकदा ओरड. शिव्या घाल मला.

कासूच्या अलीकडे रस्त्यावर पुढच्या गतिरोधकाचे पिवळे पट्टे दिसू लागले.

"अवो," सरू म्हणाली. पुढे 'हळू' म्हणायची ती, दर वेळी म्हणायची. आज म्हणाली नाही. तिने आदर्शचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि मान खाली घातली.

बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून काळुरामाने काच वर केली. मग ब्रेकवरचा पाय काढला, आणि कान मागे लावून त्याने गाडी तशीच वेगात पट्ट्यांवर घातली.