निदियाने मला एका दिवसात धुतले

मित्रांनो, मी मासे ठेवायची एक जुनी काचेची टाकी आहे. सहा फूट लांब, अडीच फूट उंच. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर अल्वारादो नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. तिथल्या दातांच्या दवाखान्यात मी एकवीस वर्षे उभी आहे. माझ्यात समुद्राचे खारे पाणी असते, म्हणून मला सांभाळणे सोपे नाही.

मला म्हाताऱ्या तासिओने घडवले. तो दुकानांना काचा बसवायचा. टाकी त्याने आधी कधी केली नव्हती. सांधे भरून झाल्यावर त्याने मला तीन दिवस पाण्याने भरून ठेवले आणि खाली वर्तमानपत्र अंथरले. कागद कोरडा निघाला, तेव्हाच त्याने मला डॉक्टर एलिसेओ बार्रादास यांच्या हवाली केले.

डॉक्टर दर पंधरवड्याला होडीने नदीच्या मुखापलीकडे जात आणि पिंपे भरून पाणी आणत. माझ्यातले दगडही समुद्रातलेच होते. त्यांच्या भोकाभोकांत डोळ्यांना न दिसणारे जीव राहत आणि माशांची घाण पचवून पाणी चांगले राखत. माशांत सर्वांत मोठी होती एक काळी मासळी. तिच्या प्रत्येक खवल्याला पिवळी कड होती. चर्चमधल्या नन बायकांच्या झग्यासारखी काळी, म्हणून गावाने तिचे नाव 'सिस्टर' ठेवले.

अल्वारादोची माणसे तोंडाळ. दाढ दुखत असली तरी जीभ थांबत नाही.

"डॉक्टर, या सिस्टरला तरी दात आहेत का?" एका खलाशाने विचारले.

"आहेत. आणि तुझ्यासारखी तंबाखू खात नाही ती."

सारा दवाखाना हसला. मुले माझ्या काचेला नाक लावत आणि सुईची भीती विसरत. माझे ते दिवस फार चांगले गेले.

मग एका फेब्रुवारीत डॉक्टरांना पक्षाघात झाला. दवाखान्याला कुलूप लागले. माझा पंप तेवढा चालू राहिला. त्यांच्या पत्नी एल्विराबाई दर रविवारी येत, मूठभर खाणे टाकत आणि माझ्याकडे न पाहता निघून जात. मी त्यांना दोष देत नाही. घरी त्या नवऱ्याला चमच्याने भरवत होत्या. पण उरलेले खाणे तळाशी कुजत गेले. पाणी आटत गेले आणि मीठ मागे राहिले. माझ्या काठावर मिठाची पांढरी खपली धरली, काच आधी हिरवी, मग तपकिरी झाली. छोटे मासे एकेक करून मेले. त्यांना कोणी बाहेर काढले नाही. सात महिन्यांनी माझ्यात एकटी सिस्टर उरली. दगडांवरचे शेवाळ खुडून ती जगत होती.

सप्टेंबरात डॉक्टर चाकांच्या खुर्चीत बसू लागले, तुटक बोलू लागले. एल्विराबाईंनी निदियाला बोलावले. निदिया नऊ वर्षे डॉक्टरांच्या हाताखाली होती, पण माझ्या पाण्यात तिने कधी बोट घातले नव्हते.

"मंगळवारी त्यांना इथं आणतेय," बाई म्हणाल्या. "हे असं दिसलं तर खचतील गं."

"शनिवारी चकाचक करते, बाई. नऊ वर्षं त्यांची हत्यारं उकळली, एक टाकी काय जड आहे मला?"

तिने खरेच जिवापाड मेहनत केली. सगळे पाणी उपसले. दगड ब्लीचने घासून नळाखाली धरले. वाळू ढवळली, तेव्हा खालून काळा थर वर आला आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटला. तीच वाळू धुऊन तिने परत पसरली, समुद्राचे नवे पाणी भरले आणि संध्याकाळच्या आत बादलीत ठेवलेल्या सिस्टरला परत सोडले. मी पहिल्या दिवसासारखी लखलखत होते. मला बोलता आले असते, तर मी तिला थांबवले असते. घाण पचवणारे माझ्यातले न दिसणारे सारे जीव त्या दिवशी मोरीतून वाहून गेले होते.

सोमवारी सिस्टर एका कुशीवर कलली. निदियाने घाबरून पुन्हा पाणी बदलले. मंगळवारी सकाळी मासळी तळाशी पडली होती.

"बंदरातून दुसरी आणू," एल्विराबाई हळूच म्हणाल्या. "काळीच असते ना? त्यांना काय कळणार?"

"त्यांना कळेल, बाई. आणि मला तर कळतंच आहे."

तिने सिस्टरला दवाखान्याच्या स्वच्छ टॉवेलात गुंडाळून ठेवले. डॉक्टर आले. स्वच्छ, रिकाम्या माझ्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले.

"कुठंय ती?"

निदियाने टॉवेल त्यांच्या मांडीवर उलगडला. "माझ्या हातून मेली, डॉक्टर. मला वाटलं, घाणीनं आजारी पडेल."

"किती... दिवसांत केलंस?"

"एका."

डॉक्टरांनी चांगल्या हाताने टॉवेल पुन्हा झाकला. "सात महिने ती त्या घाणीत... जगली होती," ते म्हणाले. निदिया रडू लागली. त्यांनी तिची समजूत घातली नाही.

पण पुढच्या मंगळवारी ते पुन्हा आले. एकेक शब्द जोडत त्यांनी तिला शिकवले. समुद्रातून जिवंत दगड आण, भोकांत ते न दिसणारे जीव असलेले. ते जीव वाढेपर्यंत, सहा आठवडे, मासा सोडायचा नाही. आटेल तेवढे गोडे पाणी घालायचे. रोज पाणी तपासायचे, आणि काही करावेसे वाटले तरी हात मागे घ्यायचा.

चौथ्या आठवड्यात डॉक्टर वारले. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी निदिया काळ्या कपड्यांतच आली. तिने पाणी तपासले, आटले तेवढे गोडे पाणी घातले आणि ओला हात पुसून रुग्णांच्या बाकावर बसून राहिली. सहा आठवडे तिने मोजून पुरे केले. आज माझ्यात काही गोगलगायी आहेत, एक लहान खेकडा आहे, तीन बोटभर मासे आहेत. सिस्टरएवढी मासळी वाढायला कित्येक वर्षे लागतात. तोवर माझे सांधे टिकतील की नाही, ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्याकडूनही कधी कोणाकडे दुर्लक्ष होईल. एक दिवस ते तुम्हाला बोचेल आणि सारे एकदम नीट करावेसे वाटेल. तेव्हा लगेच हात घालू नका. जवळ बसा, नीट पाहा. आत अजून काय जिवंत आहे, ते आधी शोधा.